चंद्रकांतेची शीव

दोस्तांनो, शीव कोळीवाड्यातल्या ‘शीव’चा अर्थ ठाऊक आहे? शीव म्हणजे हद्द! पूर्वी इथे मुंबईची हद्द संपायची आणि खाडीपलीकडे साष्टी सुरू व्हायची. गावाला असते तशी हद्द माणसालाही असते, बरं का!

आता ‘चंद्रकांता’ची गोष्ट घ्या. देवकीनंदन खत्री यांची ही हिंदी कादंबरी १८८८ सालची. १९९४ मध्ये तिची मालिका दूरदर्शनवर आली, तेव्हा पोरं क्रूरसिंहासारखं ‘यक्कू’ करत फिरायची. खलनायक मोठा मजेदार! पण त्याला हवं काय होतं? विजयगडची राजकन्या आणि तिच्याबरोबर गादी. चुनारच्या शिवदत्तालाही तीच हवी. तिच्या मनात काय आहे, हे मात्र दोघांपैकी कुणीच विचारत नाही.

वीरेंद्रसिंहाचं वेगळं. चंद्रकांतेचंही त्याच्यावर प्रेम आहे. तरी एक गोष्ट खटकतेच. राजकन्या बराच काळ तिलिस्मात अडकून वाट बघत राहते. त्यापेक्षा तिची मैत्रीण चपला भारी! ती स्वतः ऐयार. वेष पालटते, शत्रूला चकवते. आणखी एक गंमत बघा. बेशुद्धीची पूड दुष्टांचे ऐयार वापरतात, तशी नायकाचेही वापरतात. मग तेव्हा आपण टाळ्या का वाजवतो?

पुस्तक मिळवून जरूर वाचा. आणि आई-बाबांनो, जेवताना मुलांना विचारा, ‘क्रूरसिंह एवढी धडपड करत होता, म्हणून चंद्रकांतेनं हो म्हणायला हवं होतं का?’ उत्तर देण्याआधी त्यांना घटकाभर चंद्रकांतेच्या जागी बसू द्या.