नाव नको, माप सांगा: जुनं वॉशिंग मशीन आणि न मिळणारे पार्ट

मागच्या व्याख्यानात आपण मिक्सरची मोटर उघडून पाहिली. त्यानंतर सर्वांत जास्त प्रश्न आले ते जुन्या वॉशिंग मशीनबद्दल, आणि बहुतेकांचा सूर एकच होता: "मशीन चांगलं आहे हो, पण पार्टच मिळत नाही." आज या एका वाक्याचाच विचार करायचा आहे. आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. पार्ट मिळत नाही असं आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा त्या नावाचा पार्ट मिळत नसतो. त्या मापाचा पार्ट मिळतो. जो खरोखरच मिळत नाही, असा पार्ट एका मशीनमध्ये दोन-तीनच असतात. ते कोणते, हे आधी ओळखायला हवं.

कोणतं मशीन, आणि ते का वाचवायचं?

आज आपण बोलतोय ते दोन टबांच्या सेमी ऑटोमॅटिक मशीनबद्दल. एका बाजूला धुण्याचा टब, दुसऱ्या बाजूला ड्रायर. याचा थोडा इतिहास सांगतो, कारण तो पुढे कामाला येणार आहे. ब्रिटनमध्ये हूवर कंपनीने १९४८ साली वेल्समधल्या मर्थर टिडफिलच्या कारखान्यात एक छोटं मशीन बनवायला घेतलं. त्यात टबाच्या बाजूच्या भिंतीवर एक चकती फिरायची आणि पाणी घुसळायची. जपानमध्ये सान्योने १९५३ साली याच तत्त्वावरचं मशीन बाजारात आणलं. पुढे ती चकती टबाच्या तळाशी गेली, शेजारी पिळण्याचा टब आला. आपल्याकडे १९८० च्या दशकात जी दोन टबांची मशीनं आली, ती याच घराण्यातली. म्हणूनच त्यांची मापं मिलिमीटरमध्ये आहेत आणि बेअरिंग जगभर चालणाऱ्या क्रमांकांचं आहे. कंपनी बंद पडली, तरी मिलिमीटर काही बंद पडत नाही! (हशा)

आता ते वाचवायचं कशासाठी? केवळ आठवण म्हणून नाही. आमच्याकडे असंच एक जवळपास ३५ वर्षांचं मशीन आलं. मालकीण सत्तरी ओलांडलेल्या काकू. त्यांच्या भागात नळाला सकाळी तासभर पाणी येतं, ते पिंपात भरून ठेवायचं. फुल्ली ऑटोमॅटिकला नळाचं पाणी आणि दाब लागतो. दोन टबांच्या मशीनला बादलीने ओतलेलं पाणीही चालतं. शिवाय पांढरे कपडे धुतल्यावर त्याच साबणाच्या पाण्यात रंगीत आणि मग पायपुसणी धुता येतात. काकूंचे गुडघे दुखतात, मोरीत बसून धुणं आता होत नाही. मेकॅनिकने सांगितलं होतं, "कंपनीच राहिली नाही, भंगारात द्या." म्हणजे प्रश्न मशीनचा कमी आणि त्यांच्या रोजच्या कामाचा जास्त होता.

उघडण्याआधी

प्लग काढायचा. बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढायचा. आत कॅपॅसिटर असतो, त्याला मेकॅनिक मंडळी कंडेन्सर म्हणतात. त्यात प्लग काढल्यावरही विजेचा साठा राहू शकतो. तो रेझिस्टर लावून उतरवायचा, नुसता स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडायची नाही. मग मोबाइलवर फोटो काढा: कोणत्या रंगाची वायर कुठे गेली आहे, पट्टा कसा बसला आहे, स्प्रिंग कुठे अडकवली आहे. जुन्या मशीनवर वायरिंगचा कागद सहसा उरलेला नसतो, तेव्हा हे फोटो हाच तुमचा कागद.

त्यानंतर मेगर लावून वायरिंग आणि पत्र्याची बॉडी यांच्यातला इन्सुलेशन रेझिस्टन्स बघायचा. ५०० व्होल्टच्या मेगरवर तो १ मेगाओहमच्या खाली आला, तर कारण सापडेपर्यंत मशीनला वीज द्यायची नाही, हा आमचा नियम आहे. ओली फरशी, अनवाणी पाय आणि पत्र्याची बॉडी, यात धोका कुठे आहे ते वेगळं सांगायला नको. मेगर घरात नसतो. मोटर वाइंडिंगवाल्याकडे असतो, तो मिनिटभरात बघून देतो.

पार्टचे तीन ढीग

मशीन खोललं की सगळ्या खराब पार्टचे तीन ढीग करायचे. पहिल्या ढिगात बाजारात मापाने मिळणारे. दुसऱ्यात करून घेता येणारे. तिसऱ्यात फक्त दुसऱ्या तशाच मशीनमधून काढता येणारे. काकूंच्या मशीनमध्ये चार तक्रारी होत्या: खालून पाणी गळतं, चक्री नुसती गुणगुणते, धुण्याच्या बाजूला खडखड होते आणि ड्रायर घरघरतो. एकेक घेऊ.

पहिला ढीग: मापाने मिळणारे

घरघर म्हणजे बेअरिंग. बेअरिंग काढून पुसलं की कडेवर आकडा दिसतो. समजा ६२०२ आहे. यातला ६ म्हणजे बॉल बेअरिंगचा प्रकार, २ म्हणजे मालिका, आणि शेवटचे दोन आकडे म्हणजे आतल्या भोकाचं माप. ०० म्हणजे १० मिमी, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७. पुढे ०४ पासून सरळ पाचने गुणायचं. म्हणजे ६२०४ चं भोक २० मिमी. आकडा पुसला गेला असेल तर व्हर्निअरने आतलं, बाहेरचं आणि जाडीचं माप घ्या. ६२०२ असेल तर १५, ३५ आणि ११ येईल. कोणत्याही बेअरिंगच्या दुकानात हे मिळतं. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला तर अशा दुकानांची रांगच आहे. घेताना दोन्ही बाजूंना रबरी झाकण असलेलं घ्या, कारण इथे पाण्याशी गाठ आहे.

गळती म्हणजे बहुतेक वेळा ऑइल सील. इथे नावाचा आणि मापाचा फरक अगदी स्पष्ट दिसतो. दुकानात जाऊन विचारलं, "भाऊ, अमुक कंपनीच्या मशीनचं सील आहे का?" तर उत्तर येतं, "ते बंद झालं." तेच विचारलं, "भाऊ, बारा-पंचवीस-सातचं सील द्या," की भाऊ डबा उघडतो. बारा म्हणजे शाफ्ट, पंचवीस म्हणजे सील बसतं ती जागा, सात म्हणजे जाडी. पण माप जुन्या सीलवरून घेऊ नका. त्याचं रबर फुगलेलं किंवा झिजलेलं असतं. शाफ्टचं आणि सीलच्या खाचेचं माप घ्या. बसवताना बारीक स्प्रिंग असलेली बाजू पाण्याकडे येईल असं बघा.

आणखी एक गोष्ट. वर्षानुवर्षं रबर घासून शाफ्टवर एक बारीक चर पडलेला असतो. नख फिरवलं की लागतो. त्याच चरावर नवं सील बसवलं, तर थोड्याच दिवसांत पुन्हा गळायला लागतं आणि दोष नव्या सीलला जातो. जागा असेल तर सील एखादा मिलिमीटर आत-बाहेर सरकवून बसवायचं, म्हणजे रबर कोऱ्या भागावर टेकतं. जागा नसेल तर लेथवाल्याकडून शाफ्टवर बारीक स्लीव्ह चढवून घ्यायची.

गुणगुण म्हणजे कॅपॅसिटर असण्याची शक्यता मोठी. त्यावर दोन आकडे असतात, मायक्रोफॅरॅड आणि व्होल्ट. मायक्रोफॅरॅडचा आकडा तोच ठेवायचा. व्होल्ट तेवढेच किंवा जास्त चालतील, कमी नाही. आणि तो सतत चालणारा, म्हणजे रनिंग प्रकारचाच हवा. मीटरवर १० चा कॅपॅसिटर ६ दाखवत असेल तर तो गेला. नवा लावूनही मोटर गुणगुणत असेल तर वाइंडिंग तपासा. धुण्याची मोटर दोन्ही दिशांना सारखीच फिरते, म्हणून तिची दोन्ही वाइंडिंग सारखी असतात. कॉमन वायरपासून दोन्हीकडे मीटरवर साधारण सारखाच आकडा यायला हवा. एकीकडे काहीच आलं नाही तर वाइंडिंग तुटलं आहे. मग मोटर रिवाइंड करून घ्यायची. ती कंपनीची असो नाहीतर कोणाचीही, तांब्याची तारच आहे.

पट्ट्याचंही तसंच. जुना पट्टा ताणलेला असतो, त्यावरून लांबी मोजू नका. मोटर तिच्या सरकत्या खाचेच्या मध्यावर ठेवा, दोन्ही पुल्यांभोवती सुतळी फिरवा आणि ती मोजा. पट्ट्याची रुंदी मात्र जुन्याचीच बघा.

दुसरा ढीग: करून घेता येणारे

धुण्याच्या बाजूची खडखड निघाली बुशातून. चक्रीचा शाफ्ट ज्या बुशात फिरतो, तो झिजून अंडाकृती झाला होता. तयार मिळाला नाही. लेथवाल्याला शाफ्ट आणि घर दोन्ही नेऊन दिलं आणि त्याने गनमेटलचा बुश करून दिला. नुसतं माप कागदावर देऊ नका, वस्तू न्या. शाफ्ट फिरायला किती मोकळीक ठेवायची, हे चांगल्या लेथवाल्याला तुमच्या-आमच्यापेक्षा जास्त कळतं. पुली, वॉशर, रबरी गॅस्केट, खालचे पाय हेही याच ढिगातले.

तिसरा ढीग: ज्याला पर्याय नाही

आता खरी अडचण. एक, चक्री. तिच्या मधल्या भोकातले दाते झिजले की शाफ्ट फिरतो आणि चक्री जागेवर राहते. दोन, टबाचा साचा. तीन, वरच्या पॅनेलचे खास आकाराचे खटके. यांची मापं त्या-त्या कंपनीची स्वतःची. इथे जुना बाजार आणि भंगारवाला हेच खरे दुकानदार. पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. आपली चक्री सोबत घेऊन जायचं आणि दाते मोजून, शाफ्टचा तुकडा घालून बघायचं. एकाच साच्याची मशीनं वेगवेगळ्या नावांनी विकली गेली आहेत, तेव्हा वरचं लेबल बघून परत फिरू नका.

म्हणूनच तिसऱ्या ढिगातला पार्ट खोलताना घाई करायची नाही. चक्री अडकली की एका बाजूने पेचकस घालून उचकटायचा मोह होतो. तीस वर्षांचं प्लॅस्टिक कडक झालेलं असतं, तडा जातो. कोमट पाणी भरून ठेवा, स्क्रू काढा, चक्रीखालून समोरासमोर दोन दोऱ्या घाला आणि सरळ वर ओढा. स्टीलचा स्क्रू पुन्हा मिळेल. चक्री मिळणार नाही.

टायमर या दोन ढिगांच्या मध्ये येतो. स्प्रिंगवर चालणारा १५ मिनिटांचा टायमर अजून मिळतो. बघायचं काय? वायरी किती, दिशा बदलताना मध्ये थांबतो की नाही, आणि दांडी तुमच्या खटक्यात बसते की नाही. मध्ये थांबणं महत्त्वाचं, नाहीतर मोटरला फिरत्या अवस्थेतच उलटं जावं लागतं.

कधी थांबायचं?

तीन ठिकाणी आम्ही "नाही" म्हणतो. तळाची चौकट गंजून मोटरचा आधार सुटला असेल तर. टबाला आतून आरपार तडा असेल तर. आणि ड्रायरचा ब्रेक दुरुस्त होत नसेल तर. झाकण उचललं की ड्रायर काही सेकंदांत थांबलाच पाहिजे. झाकणाचा स्विच खराब झाला म्हणून दोन वायरी जोडून "चालू करून दिलं" असं आपण सर्रास बघतो. मिनिटाला हजाराहून अधिक फेरे घेणाऱ्या टबात हात गेला, तर हाताला कपडा गुंडाळतो. ती दुरुस्ती नव्हे.

काकूंच्या मशीनला चक्री जुन्या बाजारात मिळाली, दुसऱ्याच नावाच्या मशीनची. बाकी सगळं मापाने आणि लेथवर. शेवटी नवी तीन पिनांची वायर, अर्थिंग, आणि घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवायला सांगून मशीन परत गेलं.

श्रोत्यांचे प्रश्न

*चक्री थ्रीडी प्रिंट करून चालेल का?*

खटके, टोपणं, जरूर करा. चक्रीला विचारपूर्वक. साधं पीएलए प्लॅस्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, गरम पाण्यात दाते टिकणार नाहीत. करायचंच तर मधला भाग पितळेचा करून घ्या.

*कंपनीवर पार्ट देण्याचं बंधन नसतं का?*

युरोपीय संघात १ मार्च २०२१ पासून असा नियम आहे. वॉशिंग मशीनचं शेवटचं नग बाजारात गेल्यावरही ठरावीक पार्ट किमान १० वर्षं मिळायला हवेत. आपल्याकडे जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू केलं. नव्या मशीनसाठी हे उपयोगाचं आहे. पस्तीस वर्षांच्या मशीनला मात्र व्हर्निअरच तारतो.

*आम्हाला स्वतःला जमत नसेल तर काय करावं?*

मेकॅनिकला बोलवा, पण त्याच्या शेजारी उभे राहा आणि निघालेल्या प्रत्येक पार्टचं माप लिहून घ्या. बेअरिंगचा आकडा, सीलची तीन मापं, कॅपॅसिटर, पट्टा. तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. पुढच्या वेळी जो कोणी ते झाकण उघडेल, त्याला "पार्ट मिळत नाही" असं म्हणावं लागणार नाही.