चाकाला वर जायला जागा हवी (जुनी स्पोर्ट्‌स कार : भाग ७)

गेल्या भागात आपण माझदा एमएक्स-५च्या सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या रबरी बुशपाशी थांबलो होतो. बुश बदलून आणि बॉल जॉइंट तपासून झाल्यावरच शॉकअपचा विषय काढायचा. तीस वर्षांचे चिरलेले बुश तसेच ठेवून कितीही महागडा शॉकअप बसवला, तरी चाक दिशा धरत नाही.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडी ओळख. आपल्याकडे माझदा म्हटलं की स्वराज माझदाचे ट्रक आणि मिनीबस आठवतात. पण फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात या कंपनीने दोन सीटची, उघड्या टपाची एक छोटी गाडी लोकांसमोर ठेवली, आणि तिच्यावर जगभरची माणसं आजही जीव टाकतात. पहिल्या पिढीचं वजन साडेनऊशे किलोच्या आसपास, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २२६५ मिलिमीटर, इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना. चारही चाकांना डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाक धरणारे वर-खाली दोन हात. एवढ्या परवडणाऱ्या गाडीला असं सस्पेन्शन देणं हे मोठं औदार्य होतं. चाक वर-खाली झालं तरी टायर रस्त्याला नीट टेकून राहावा, यासाठी तो सगळा खटाटोप.

या गाडीची एक अडचण मात्र पहिल्या दिवसापासूनची आहे. चाकाला वर जायला मुळातच जागा कमी. खड्डा किंवा उंचवटा आला की शॉकअप दबतो आणि थोड्याच अंतरावर रबराचा बम्प स्टॉप गाठतो. कंपनीने हे जाणूनच लांब, मऊ बम्प स्टॉप दिले होते. तेही स्प्रिंगचंच थोडं काम करत. आता मालकाला गाडी दिसायला बसकी हवी असते. तो ती तीन सेंटिमीटर खाली घेतो आणि तेवढी वर जायची जागा तिथेच संपते. मग भर वळणात बाहेरचं मागचं चाक बम्प स्टॉपवर आदळतं, त्या कोपऱ्याचा कडकपणा एका क्षणात अनेक पटींनी वाढतो आणि टायरची पकड सुटते. इतक्या आखूड, मागून ढकलल्या जाणाऱ्या गाडीची शेपटी अशा वेळी किती झटकन फिरते, हे समजून घेतल्याशिवाय कुणीही स्पॅनर हातात घेऊ नये.

म्हणून दुकानदाराला शॉकअपचा विरोध कमी-जास्त करणाऱ्या नॉबबद्दल ‘किती क्लिक आहेत?’ असं विचारण्याआधी ‘मला हव्या त्या उंचीवर हा शॉकअप आणखी किती दबू शकतो?’ असं विचारा.

उंची, स्प्रिंग आणि शॉकअप यांची साखळी आहे. गाडी खाली घेतली की उरलेल्या थोड्या जागेत धक्का जिरवायला कडक स्प्रिंग लागते, आणि कडक स्प्रिंगची उसळी आवरायला तिच्या तोडीचा शॉकअप लागतो. थोडं गणित करू. जपानी कॉइलओव्हरवर (म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप यांच्या एकत्र संचावर) स्प्रिंगचा कडकपणा मिलिमीटरला किती किलो असा लिहिलेला असतो. पण स्प्रिंग चाकावर नसते, विशबोनवर आतल्या बाजूला असते. चाक १० मिलिमीटर हललं की ती साधारण ७ मिलिमीटर दबते असं धरलं, तर चाकापाशी जाणवणारा कडकपणा ०.७च्या वर्गाइतका, म्हणजे जवळपास निम्मा. ४ किलोची स्प्रिंग चाकापाशी २ किलोची भरते. एका कोपऱ्यावर २२० किलो वजन धरलं, तर गाडी सेकंदाला दीड वेळा डोलते. रस्त्यावरच्या स्पोर्ट्‌स कारला हे छान. स्प्रिंग ८ची केली की हा आकडा २.१वर जातो. गुळगुळीत ट्रॅकवर तो चालतो, पण रोजच्या रस्त्यावर कंबर बोलायला लागते.

आता नॉबकडे वळू. शॉकअपची दोन कामं असतात, दबताना विरोध करणं आणि स्प्रिंग परत सुटताना विरोध करणं. डच कंपनी कोनीच्या पिवळ्या शॉकअपमध्ये फक्त दुसरं काम कमी-जास्त करता येतं, आणि जुन्या गाडीला बहुतेक वेळा तेवढं पुरतं. काही महागड्या संचांत दोन्ही कामांना वेगळे नॉब असतात. स्वीडनच्या ओलिन्सच्या रस्त्यासाठीच्या संचात एकच नॉब दोन्ही कामं एकत्र बदलतो.

नॉब पूर्ण कडक करून ‘आता गाडी जमिनीला चिकटली’ असं म्हणणारे बरेच भेटतात. सुटतानाचा विरोध फार वाढला की पहिल्या खड्ड्यात दबलेलं चाक दुसऱ्या खड्ड्याआधी परत खाली येऊ शकत नाही. तिसऱ्या-चौथ्या खड्ड्यापर्यंत गाडी स्वतःच खाली खाली बसत जाते आणि शेवटी पुन्हा बम्प स्टॉपवर येऊन टेकते. म्हणजे नॉबनेसुद्धा जागा खाल्ली. मऊपासून सुरुवात करावी, गाडीचं डोलणं एका उसळीत थांबेपर्यंत वाढवावं, पुढे जाऊ नये. क्लिक मात्र नेहमी पूर्ण बंद, म्हणजे सर्वांत कडक टोकापासून मोजा; ते टोक पक्कं असतं.

उंची बदलण्याच्या दोन पद्धती आहेत. साध्या कॉइलओव्हरमध्ये स्प्रिंगखालची वाटी फिरवून खाली नेतात. गाडी खाली येते आणि दबायची जागा तेवढीच कमी होते. वाटी वर घेतल्याने स्प्रिंग कडक झाली असं अनेकांना वाटतं, पण सरळ स्प्रिंगच्या बाबतीत ते खरं नाही. फक्त उंची वाढलेली असते. दुसऱ्या पद्धतीत शॉकअपचं खालचं टोकच आट्यांवर लांब-आखूड होतं, त्यामुळे दबायची जागा टिकते. तरीही टायर मडगार्डला आतून घासत नाही ना, ते पाहावंच लागतं.

गाडी रस्त्यावरच चालणार असेल, तर मी कोनीचे पिवळे शॉकअप, मध्यम स्प्रिंग आणि दुसऱ्या पिढीच्या एमएक्स-५चे शॉकअपचे वरचे माउंट सुचवेन. ते माउंट थोड्या फेरफारांनी पहिल्या पिढीला बसतात आणि शॉकअपला वर जायला जादा जागा देतात. एवढ्या कमी खर्चात गाडीत इतका फरक पाडणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही. ट्रॅकवर नियमित जाणाऱ्याने ओलिन्ससारखा संच घ्यावा. बत्तीस क्लिकच्या स्वस्त संचाकडे बघताना त्याचा मोजणीचा आलेख मागा. प्रत्येक क्लिकला विरोध खरंच किती बदलतो ते त्यात दिसतं. आलेख मिळाला नाही, तर तो संच घेऊ नका. नियमही पाहावे लागतात. जपानच्या तपासणीत गाडी जमिनीपासून किमान ९ सेंटिमीटर वर असावी लागते, आणि जर्मनीत अशा संचाची कागदपत्रं दाखवून मंजुरी घ्यावी लागते.

बसवताना विशबोनचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळा. जॅकवर लटकत्या चाकांनी आवळले तर नवं बुश कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. उंची मोजायची ती चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत, म्हणजे टायर बदलला तरी माप तेच राहतं. चार कोपऱ्यांची उंची वेगवेगळी बदलता येते, त्यामुळे तिरप्या जोडीचं, म्हणजे पुढचं एका बाजूचं आणि मागचं दुसऱ्या बाजूचं अशा दोन चाकांवरचं वजन बिघडतं. चार वजनकाट्यांवर गाडी उभी करून, सीटवर चालकाइतकं वजन ठेवून ते जुळवून घ्या. साडेनऊशे किलोच्या गाडीत पंचाहत्तर किलोचा माणूस म्हणजे जवळपास आठ टक्के.

एक शेवटचं काम. शॉकअपच्या दांड्यावर प्लॅस्टिकचा एक झिप टाय घट्ट बांधा, तो खाली शॉकअपच्या अंगाला टेकवा आणि नेहमीच्या रस्त्यावर फिरून या. टाय दांड्यावर जिथे सरकून थांबला असेल, तिथपर्यंत शॉकअप दबला होता. तो बम्प स्टॉपमध्ये खोलवर शिरलेला दिसला, तर नॉबला हात न लावता आधी गाडी एक सेंटिमीटर वर घ्या आणि त्याच रस्त्यावर पुन्हा जाऊन या. ही मापं वहीत लिहून ठेवा. पुढच्या भागात व्हील अलाइनमेंट करताना ती लागतील.