मद्य सुटले, आता मन सावरायचे आहे

घरातील एखाद्या व्यक्तीने मद्य सोडले की सारे घर मोकळा श्वास घेते. जवळच्या नातलगांना ही वार्ता कळवली जाते, थांबलेली लग्नाची बोलणी पुन्हा सुरू होतात, दुकानाच्या किल्ल्या त्याच्या हाती परत येतात. परंतु महिना-दीड महिना उलटतो आणि त्याच घरात एक निराळी काळजी पाय पसरू लागते. मद्य सोडलेला मुलगा, भाऊ किंवा पती रात्र रात्र जागा असतो. क्षुल्लक कारणावरून संतापतो, माणसांत येण्याचे टाळतो, अंघोळीचाही कंटाळा करतो. ‘पीत होता तेव्हा निदान बोलत तरी होता,’ असे आईच्या तोंडून नकळत निघून जाते आणि ते उच्चारल्याचे तिचे तिलाच वाईट वाटते.

या आईचे निरीक्षण चुकीचे नसते. मद्य सुटणे ही उपचाराची सुरुवात असते. मद्याच्या आड दडलेला मनाचा आजार अनेकदा त्यानंतरच उघडा पडतो. कुटुंबाची खरी कसोटी तेथून पुढे लागते.

मद्य गेल्यावर काय उरते?

मद्य मेंदूचे कार्य मंदावते. वर्षानुवर्षे त्याच्याशी झुंजताना मेंदू स्वतःला अधिक उत्तेजित ठेवण्यास शिकतो. मद्य अचानक थांबले की ती उत्तेजना तशीच मागे राहते. हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. अतिमद्यपान करणाऱ्या काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. काहींना दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होतो आणि नसलेली माणसे दिसू लागतात. ही अवस्था प्राणावर बेतू शकते. म्हणूनच रोज भरपूर पिणाऱ्याला घरातच कोंडून एकाएकी मद्य बंद करणे धोक्याचे आहे. तेथे डॉक्टरांची देखरेख अपरिहार्य ठरते.

हे दिवस पार पडले तरी झोपेची मोडलेली घडी आणि चिडचिड काही महिने टिकू शकते. उदासीनतेचे मात्र दोन प्रकार असतात. मद्यामुळेच आलेली उदासीनता मद्य थांबल्यावर काही आठवड्यांत पुष्कळ अंशी ओसरते. जी महिना उलटूनही हटत नाही, किंवा जी पिणे सुरू होण्याच्या आधीपासूनच होती, ती बहुधा स्वतंत्र आजाराची खूण असते. पुष्कळांनी मद्याचा आधार घेतलेला असतो तो याच आजाराच्या वेदनेवर उतारा म्हणून. उतारा काढून घेतला की वेदना उघडी पडते.

हा भेद ओळखण्यासाठी डॉक्टरांना कुटुंबाचे फार मोठे साहाय्य होऊ शकते. झोप कोणत्या वर्षी उडाली, पिणे कधी वाढले, मध्यंतरी काही महिने मद्य बंद होते तेव्हा मनःस्थिती कशी होती, आजोळी किंवा चुलत घराण्यात कोणाला मानसिक आजार होता का, हा कालक्रम एका वहीत लिहून मनोविकारतज्ज्ञांपुढे ठेवावा. रुग्णाला स्वतःला तो आठवेलच असे नाही. आधी व्यसन पूर्ण सुटू दे, मग मनाचे पाहू, अशी वाट मात्र पाहू नये. दोन्ही आजारांवर एकाच वेळी उपचार व्हावे लागतात, कारण एक अर्धवट राहिला तर तो दुसऱ्याला परत बोलावतो.

पुण्याने घालून दिलेली वाट

या विचाराची परंपरा पुण्यात जुनी आहे. येरवड्याच्या मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करणाऱ्या डॉ. अनिता, अर्थात सुनंदा अवचट आणि त्यांचे पती, लेखक डॉ. अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलेले लेख आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनी पुढे केलेला साहाय्याचा हात यांतून ही संस्था उभी राहिली. व्यसन हा आजार आहे, दुर्वर्तन नव्हे, ही भूमिका तेथे पहिल्यापासून घेतली गेली. १९९७ साली सुनंदाताईंचे निधन झाले. त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी पुढे ही धुरा सांभाळली.

मुक्तांगणच्या पद्धतीतील दोन गोष्टी प्रत्येक कुटुंबाने ध्यानात घ्याव्यात अशा आहेत. तेथील निवासी उपचार ३५ दिवसांचे असले, तरी त्यानंतरच्या पाठपुराव्याला तितकेच महत्त्व दिले जाते. दुसरे असे की रुग्णाबरोबर त्याच्या माणसांचाही विचार होतो. व्यसनी व्यक्तींच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट चालतो, तर व्यसनात सापडलेल्या स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग आहे.

मनाच्या आजारात नातलगांच्या वाट्याला येणाऱ्या एकटेपणाचे भान पुण्यातील ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’नेही जागवले. तिचे संस्थापक, कॅनडास्थित प्राध्यापक डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजारपणात शुश्रूषा करणाऱ्याचे ओझे स्वतः वाहिले होते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या २००४ सालच्या ‘देवराई’ या चित्रपटात आजारी भावाला सांभाळणारी बहीण केंद्रस्थानी आहे. तो पाहताना अनेक कुटुंबांना आपलेच घर दिसले तर नवल नाही.

पहारेकरी नव्हे, सोबती

मद्य चालू असताना कुटुंबाला पहारा करण्याची सवय जडते. खिसे तपासणे, तोंडाचा वास घेणे, फोनवरचे बोलणे चोरून ऐकणे हे सारे नित्याचे झालेले असते. मद्य सुटल्यावरही तीच नजर कायम राहिली, तर सावरू पाहणाऱ्या माणसाला घर तुरुंगासारखे वाटू लागते. ‘आज काही घेतले नाहीस ना?’ या प्रश्नापेक्षा ‘रात्री झोप लागली का?’ हा प्रश्न अधिक उपयोगाचा असतो. जेवणाची ठरलेली वेळ, सकाळचे चालणे, दिवसातून एखादे पेलवेल असे काम, एवढ्याने दिवसाला आकार येतो. व्यवसायाची सारी जबाबदारी लगेच अंगावर टाकू नये आणि त्याला निकामीही ठरवू नये.

औषधांविषयी एक गोष्ट निक्षून सांगावी लागते. दारू सोडवणारी पूड किंवा गोळी भाजीत वा चहात चोरून मिसळण्याचा प्रकार अनेक घरांत घडतो. डायसल्फिरामसारखे औषध पोटात असताना मद्य घेतल्यास जिवावर बेतू शकते. म्हणून हे औषध रुग्णाच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावे. नैराश्यावरील औषधांचा गुण दिसू लागण्यास काही आठवडे लागतात. बरे वाटू लागले म्हणून ती मनाने बंद करू नयेत.

पुन्हा एकदा मद्य घेतले गेले, तर सारे केलेले वाया गेले असे मानण्याचे कारण नाही. मधुमेह्याची साखर वाढली म्हणून कोणी त्याला घराबाहेर काढत नाही. आदल्या आठवड्यात झोप, राग किंवा एकटेपणा यांत काय बदल झाला होता ते शांतपणे पाहावे आणि लगेच डॉक्टरांना भेटावे. मारहाण किंवा पैशांची उधळपट्टी सहन करणे हा मात्र आधार नव्हे. त्याबाबतच्या मर्यादा स्पष्ट शब्दांत आणि आधीच सांगाव्यात.

‘माझे जगणे व्यर्थ आहे’ अशी भाषा, वस्तूंची निरवानिरव, दीर्घ अस्वस्थतेनंतर अचानक आलेली शांतता ही धोक्याची चिन्हे आहेत. अशा वेळी मनात आत्महत्येचा विचार येतो का, असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार रुजत नाही, उलट बोलण्याची वाट मोकळी होते. त्या व्यक्तीला एकटे सोडू नये आणि तत्काळ वैद्यकीय मदत घ्यावी. ‘टेलिमानस’ ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य उपलब्ध आहे. व्यसनाविषयी १४४४६ या राष्ट्रीय क्रमांकावर सल्ला मिळतो.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मद्य व अमली पदार्थांच्या दुरुपयोगाशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजारांतच केला आहे. शारीरिक आजारांच्या धर्तीवर मानसिक आजारांनाही आरोग्य विमा उपलब्ध करून देणे विमा कंपन्यांना याच कायद्याने बंधनकारक केले आहे. आपल्या विमापत्रातील तरतूद वाचून ठेवावी.

लाज आणि स्थितिकरण

ज्या घरांत मद्याची गणना सप्त व्यसनांत होते, तेथे लाज दुप्पट असते. आधी व्यसनाची आणि मग मनाच्या आजाराची. त्या लाजेपायी उपचार लांबतात. सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत उपगूहन आणि स्थितिकरण ही अंगे लागोपाठ येतात. दुसऱ्याचा दोष चव्हाट्यावर न मांडणे हे पहिले आणि ढळणाऱ्याला पुन्हा स्थिर करणे हे दुसरे. दोष झाकून तेथेच थांबणे कोठेही सांगितलेले नाही. बारा वर्षे ज्याचे मन मागे सोडलेल्या संसारात घुटमळत राहिले, त्या पुष्पडालाला वारिषेण मुनींनी दूर लोटले नाही. त्यांनी त्याला सोबत नेऊन सावरले.

सावरणाऱ्याचेही बळ मर्यादित असते. अपुरी झोप, सततची धास्ती आणि कोणाजवळ बोलता न येणे यांमुळे पत्नी, आई किंवा बहीण स्वतःच नैराश्याकडे ओढली जाते. म्हणून रुग्णाची जबाबदारी घरातील दोघा-तिघांनी वाटून घ्यावी. आठवड्यातील काही तास तिचे स्वतःचे असावेत. मद्यपींच्या नातलगांसाठी १९५१ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘अल-अ‍ॅनॉन’च्या सभा आज पुण्यातही होतात. तेथे कोणी नाव-गाव विचारत नाही. घरचा माणूस अजून उपचारांना तयार नसला, तरी तिने एकटीने तेथे जाऊन बसण्यास काहीच हरकत नाही.