तारणाविना कर्ज : हमी कोणाला, जबाबदारी कोणाची?

घरोघर नळाचे पाणी येते, सांडपाणी भूमिगत गटारातून वाहून जाते, विजेची केबल रस्त्याखालून जाते. या सर्व सोयींसाठी चर खोदण्याचे व पाइप जोडण्याचे काम आपल्यापैकी अनेकांच्या वडीलधाऱ्यांनी रोजंदारीवर केले आहे. आज त्यांचीच मुले स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका घेऊन ही कामे स्वतःच्या नावावर घेऊ इच्छितात. ही आनंदाची बाब आहे. परंतु भांडवलासाठी बँकेत गेल्यावर पहिला प्रश्न येतो तो तारणाचा. ज्याच्या नावे सात-बारा नाही, शहरात स्वतःचे घर नाही, त्याने काय गहाण ठेवावे?

या अडचणीवर उपाय म्हणून केंद्र सरकार व सिडबी यांनी 2000 साली सूक्ष्म व लघू उद्योगांसाठी पतहमी न्यास स्थापन केला. बँकांमध्ये तो ‘सीजीटीएमएसई’ या नावाने ओळखला जातो. 1 एप्रिल 2025 पासून या हमीची मर्यादा 10 कोटी रुपये आहे. हमी असलेल्या रकमेसाठी बँक मालमत्तेचे तारण किंवा तिऱ्हाइताचा जामीन घेत नाही. त्याबद्दल न्यास दरवर्षी शुल्क आकारतो व ते बहुधा कर्जदारालाच भरावे लागते. ‘उद्यम’ नोंदणी आवश्यक असून ती सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते. तिच्यासाठी दलालास पैसे देऊ नयेत.

येथे एक गोष्ट आमच्या तरुणांनी पक्की ध्यानात ठेवावी. ही हमी बँकेला असते, कर्जदाराला नव्हे. कर्ज थकल्यास न्यास बँकेच्या नुकसानीचा ठरावीक भाग भरून देतो, पण कर्जदाराचे देणे त्यामुळे माफ होत नाही. बँकेची वसुली चालूच राहते आणि पत बिघडल्याने पुढचे कर्ज मिळणे कठीण होते. ‘सरकारी कर्ज आहे, बुडाले तरी चालेल’ असे सांगणाऱ्यांपासून सावध राहावे.

या धंद्यात मोठा धोका यंत्राच्या हप्त्यापेक्षा देयकाच्या विलंबात असतो. समजा, 40 लाखांचे जलवाहिनीचे काम मिळाले. पहिल्या 10 लाखांचे काम झाले, मोजमाप पुस्तिकेत नोंद झाली, पण देयक दोन महिने आले नाही. काम थांबवता येत नाही, म्हणून आणखी 10 लाख खर्च झाले. आता 20 लाख अडकले. वर्षाला 12 टक्के दराने त्यांचे व्याजच महिन्याला 20 हजार रुपये होते. मजुरांचा पगार व डिझेल वेगळे. 2025 साली महाराष्ट्रात जलजीवन मिशनची देयके थकल्याने ठेकेदारांना आंदोलने करावी लागली, हे आपण वृत्तपत्रांतून वाचलेच आहे.

2006 च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग कायद्यात 45 दिवसांच्या आत पैसे देण्याचे बंधन आहे खरे. तथापि, बांधकामाच्या ठेक्यांना या तरतुदी लागू होत नाहीत, असे निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने दिलेले आहेत. म्हणून केवळ या कायद्यावर विसंबून निविदा भरू नये.

मग करावे काय? यंत्रासाठी मुदत कर्ज मागताना खेळत्या भांडवलाची मर्यादाही त्याच वेळी मागावी. जेसीबी सुरुवातीला भाड्याने घ्यावा. वर्षभर पुरेल इतके काम हाती असेल तरच विकत घ्यावा. निविदेत देयकाची मुदत, सुरक्षा ठेव व रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च आधी वाचावा. कामासाठी निधी मंजूर आहे काय, याची कार्यालयात चौकशी करावी. प्रत्येक मोजमापाची प्रत जपून ठेवावी. आणि देयकाचे पैसे आले की आधी बँकेचा हप्ता, मग घरचा खर्च.

विद्यार्थ्यांनीही पदविकेबरोबर हिशेब ठेवण्यास शिकावे. तारण नसल्यामुळे आपल्या लोकांसाठी आजवर बंद असलेला दरवाजा या योजनेने किलकिला केला आहे. त्यातून आत गेलेल्या प्रत्येकाने हप्ते वेळेवर फेडले, तर मागून येणाऱ्यांसाठी तो पूर्ण उघडेल, असा आम्हांस विश्वास वाटतो.