तणसावरची घोडी आणि टॉनिकची बाटली

गोंदिया जिल्ह्यात घोडा तसा दुर्मीळच. नांगराला बैल आणि रेडा, दुधाला गाय-म्हैस. घोडी दिसायची ती लग्नाच्या वरातीत. दोन वर्षांपूर्वी वैशाखात अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका लग्नाला गेलो होतो. वरातीच्या घोडीचा मालक आपली दुसरी घोडी दाखवायला मला घरी घेऊन गेला. ती गाभण होती, महिन्याभरात विणार होती. पुढ्यात धानाचे तणस, शेजारी राइस मिलमधल्या कोंड्याची पाटी आणि कोनाड्यात लाल औषधाची बाटली. "खर्च लय होते साहेब, पन सारी ताकद याच्यातच आहे जी," तो म्हणाला.

मी लेबल वाचले. ब१, ब२, ब६, ब१२, नायासिन. सगळी ब गटातली जीवनसत्त्वे. जे घोडीच्या पोटात आपोआप तयार होते तेच तो विकत आणत होता, आणि जे तिच्या चाऱ्यात नव्हते ते बाटलीतही नव्हते.

जीवनसत्त्वाची व्याख्या आपण वर्गात शिकवतो: शरीराला अल्प प्रमाणात लागणारे, पण पुरेसे स्वतः बनवता न येणारे सेंद्रिय द्रव्य. या व्याख्येतली एक गोष्ट सहसा सुटते. काय बनवता येते आणि काय नाही, हे प्राण्यागणिक वेगळे असते. आपल्याला लिंबू-आवळ्यातून 'क' मिळवावे लागते, कारण माकडे, वानरे आणि गिनीपिग यांच्याप्रमाणे आपणही ते बनवण्याच्या साखळीतले शेवटचे विकर गमावून बसलो आहोत. घोड्याचे यकृत ग्लुकोजपासून 'क' रोज तयार करते. 'ब' गटाचे काम त्याच्या आंधळ्या आतड्यात आणि मोठ्या आतड्यात राहणारे जिवाणू करतात. मोठ्या घोड्याच्या आंधळ्या आतड्यात सुमारे तीस लिटर मावतात, त्यामुळे या कारखान्याला लहान म्हणता येणार नाही. गाईचा कारखाना पोटाच्या पुढच्या कप्प्यात, घोड्याचा मागे, एवढाच फरक. 'के'सुद्धा तिथेच बनते. 'ड' तयार होते ते कातडीवर पडणाऱ्या उन्हामुळे, आणि उन्हाची टंचाई गोंदियात कुणी ऐकलेली नाही. (शर्यतीच्या घोड्यासारखे अतिश्रम असतील तर ब१ कधी कमी पडू शकते, पण ते कोंड्यात भरपूर असते.)

उरली 'अ' आणि 'ई'. ही दोन्ही मुख्यतः हिरव्या पानातून यायची.

वनस्पतीत 'अ' जीवनसत्त्व असे नसतेच. असते बीटा-कॅरोटीन. जनावर ते खाते आणि आतड्याच्या अस्तरात त्याचे 'अ' बनवते. धान कापेपर्यंत पान पिकून गेलेले असते. कापल्यावर कडपा बांधीत उन्हात पडून राहतात. कॅरोटीनच्या रेणूतले दुहेरी बंध प्रकाशाने आणि हवेतल्या ऑक्सिजनने तुटतात. रचलेल्या ढिगात कॅरोटीन जवळजवळ उरत नाही. गंमत अशी की तेच ऊन वाळत्या चाऱ्यात 'ड' जीवनसत्त्वाची भर घालते. विद्यार्थी विचारतील, तणस तर पिवळे असते, मग? तो सोनेरी रंग कॅरोटीनचा नव्हे.

आता थोडे गणित करू. गाभण घोडीला वजनाच्या दर किलोमागे रोज ६० आंतरराष्ट्रीय एकके 'अ' लागते असे धरतात. आपल्याकडची छोटी घोडी २५० किलोची मानली तर १५,००० एकके. घोड्यात १ मि.ग्रॅ. कॅरोटीनपासून ४०० एकके मिळतात, म्हणजे गरज साधारण ३८ मि.ग्रॅ. कॅरोटीनची. ताज्या हिरव्या गवतात, हात राखून धरले तरी, किलोमागे ४० मि.ग्रॅ. असते. म्हणजे रोज एक किलो हिरवे गवत! एवढ्यावर पोट भरणार नाही, पण 'अ'ची गरज भागेल.

"हिरवं कोठून आनाव जी उन्हाऱ्यात?" हा त्याचा प्रश्न रास्त होता. पण एका किलोपुरते मिळते. माजी मालगुजारी तलावांचे पाणी ओसरले की ओल्या काठावर हरळी असते. इटियाडोहच्या पाण्यावर उन्हाळी धान होतो तिथे बांधांवर गवत असते. सुबाभूळ मात्र घोड्याला घालू नये. त्यातल्या मिमोसिनमुळे आयाळ-शेपटीचे केस गळतात.

मोठे जनावर उन्हाळा निभावून नेते, कारण पावसाळ्यात खाल्लेल्या हिरव्यातले 'अ' यकृतात साठते आणि काही महिने पुरते. खरा धोका शिंगराला. नाळेतून 'अ' फारच थोडे जाते. पिल्लाला ते मिळते चिकातून. आईचे यकृत रिकामे असेल तर चीकही गरीबच. गाईम्हशींचेही असेच आहे, आणि तिथे तर आपण खरवसासाठी पहिल्या दिवसाच्या चिकावर हात मारतो. मग वासरू हगवणीने खंगते, संध्याकाळी दावणीला धडकते. माणसातला रातांधळेपणा तो हाच. दृष्टिपटलातले ऱ्होडॉप्सिन दोघांचे सारखेच.

'ई'ची कमतरता सावकाश दिसते. १९९० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी घोड्यांचा एक नवा आजार नोंदवला. त्यात स्नायूंना आज्ञा देणाऱ्या चेतापेशी मरतात, घोडा वाळतो, थरथरतो. बहुतेक आजारी घोड्यांना वर्षभराहून अधिक काळ हिरवा चारा मिळालेला नव्हता आणि त्यांच्या रक्तात 'ई' अगदी कमी होते.

कोंड्यात 'ई' असते खरे, पण त्यातले तेल लवकर खवट होते आणि मग तेही जाते. शिवाय कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट, आणि तणसातली ऑक्झॅलेटे उरलेले कॅल्शियम अडवून धरतात. मग शरीर हाडांतून कॅल्शियम उपसते, आणि घोड्याचा जबडा व नाकाडाची हाडे फुगतात. युरोपात याला गिरणीवाल्याचा रोग म्हणत, कारण कोंडा फुकट मिळे तो गिरणीवाल्याच्याच घोड्याला. राइस मिलच्या गावात हे नाव लक्षात ठेवावे. त्या मालकाला मी पाटी अर्धी करायला सांगितली.

हिरवे खरोखरच मिळत नसेल तर पशुवैद्याकडून 'अ' आणि 'ई' जरूर द्यावे, पण मापाने. 'ब' जास्त झाले तर बहुतेक लघवीवाटे जाते. 'अ' आणि 'ड' शरीरात साठतात. 'अ'च्या अतिरेकाने हाडे ठिसूळ होतात, 'ड'च्या अतिरेकाने रक्तवाहिन्यांत आणि मूत्रपिंडात कॅल्शियम बसते.

शाळेत करून पाहण्याजोगे: हरळीच्या तीन जुड्या घ्या. एक ताजी, एक आठवडाभर सावलीत वाळवलेली, एक उन्हात वाळवलेली. चौथे तणस. प्रत्येक थोडेथोडे कुटून स्पिरिटमध्ये भिजवा (जवळ ज्योत नको), गाळा आणि त्यात पांढरा खडू उभा करा. द्रव वर चढताना हिरव्याच्या पुढे एक पिवळा पट्टा निघतो. कॅरोटीन त्यात असते. चारही खडू शेजारी ठेवून पट्ट्यांची तुलना करा. कार्तिकात हिरवे असतानाच कापून सावलीत वाळवलेले गवत वैशाखासाठी का जपावे, हे विद्यार्थी स्वतःच सांगतील.