सोयाबीनच्या मुलखातलं लेकरू जपानी घरात

उन्हाळ्याची सुट्टी लागली की लेकरांनी मामाच्या गावाला जायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. अलीकडं दहावी झालेलं लेकरू मामाकडं न जाता लातूरला नाहीतर नांदेडला खोली करून राहतं आणि शिकवणीला लागतं. या दोन वाटांच्या जोडीला तिसरी एक वाट आहे. पंधरा-सोळाव्या वर्षी काही दिवस किंवा काही महिने परदेशातल्या एखाद्या कुटुंबात घरच्यासारखं राहून यायचं. अशी सोय असलेल्या देशांपैकी जपानचा विचार मराठवाड्यातल्या शेतकरी कुटुंबांनी जरूर करावा. त्याची कारणं पुढे येतीलच.

ही वाट कोणाची?

जपान सरकारने २००७ साली ‘जेनेसिस’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. पाच वर्षे दरसाल सुमारे सहा हजार तरुणांना, प्रामुख्याने आशियातून, जपान दाखवण्याचे उद्दिष्ट होते. त्यात भारतही होता. दौरा थोड्याच दिवसांचा. पण त्यात बहुधा एक-दोन रात्री जपानी कुटुंबात मुक्काम असे. पुढे २०१८ साली ‘आशिया काकेहाशी’ योजना आली. काकेहाशी म्हणजे पूल. पाच वर्षांत आशियातल्या एक हजार शाळकरी मुलांनी जपानी शाळांत काही महिने शिकावे आणि कुटुंबात किंवा वसतिगृहात राहावे, अशी ती आखणी होती. ए.एफ.एस. या संस्थेने ती राबवली. ही संस्था १९४७ पासून शाळकरी मुलांची देवाणघेवाण करत आली आहे. रोटरीचाही असाच युवा आदानप्रदान कार्यक्रम असून तो १५ ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी आहे.

याशिवाय जपानचा ‘साकुरा’ हा विज्ञान कार्यक्रम २०१४ पासून आहे आणि भारतातली शाळकरी मुले २०१६ पासून त्यात जाऊ लागली. ‘इन्स्पायर मानक’ स्पर्धेत राष्ट्रीय पातळीवर चमकलेली मुलेही त्यातून गेली आहेत. हा दौरा साधारण आठवड्याचा असतो. त्यात भर कुटुंबावर नसतो, प्रयोगशाळा आणि विद्यापीठे पाहण्यावर असतो. पालकांनी हा फरक लक्षात ठेवावा.

आणखी एक फरक वेळापत्रकाचा. जपानची शाळा एप्रिलमध्ये भरते आणि तिथली उन्हाळी सुट्टी जुलैच्या उत्तरार्धापासून ऑगस्टअखेरपर्यंत असते. आपलं लेकरू मे महिन्याच्या सुट्टीत गेलं तर त्या घरची भावंडं सकाळी दप्तर घेऊन शाळेला निघालेली दिसतील आणि खेड्यात भाताची लावणी चाललेली असेल.

पाहुणा नव्हे, घरचं माणूस

यजमान कुटुंब म्हणजे लॉज नव्हे. ए.एफ.एस. असो की रोटरी, ही कुटुंबं भाडं घेऊन लेकरू ठेवत नाहीत, हौसेनं ठेवतात. म्हणूनच तिथं पाहुण्यासारखं बसून राहता येत नाही. घरच्या बाईला ‘ओकासान’ म्हणजे आई आणि बाप्याला ‘ओतोसान’ म्हणजे वडील म्हणायचं. चपला दारातच काढायच्या, ते आपल्यासारखंच. संडासात जायच्या सपाता मात्र वेगळ्या. ताट उचलायचं, अंथरूण घडी करायचं, कोणत्या वारी कोणता कचरा बाहेर ठेवायचा ते पाठ करायचं.

आपल्या जुन्या माणसांना यात नवल वाटू नये. शाळा तालुक्याला आणि गाव दूर, अशा दिवसांत गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्या रिवाजाला जातीची कुंपणं होती, हे खरंच. तरी परक्याच्या चुलीपुढं कसं वागावं, याचं शिक्षण त्यातून मिळे. आज लातूरला शिकणाऱ्या लेकराला खोली मिळते, मेसचा डबा मिळतो. संध्याकाळी ‘आलास का रे?’ असं विचारणारं कोणी नसतं. जपानी घरात बाहेरून येणारा ‘तादाइमा’ म्हणतो, म्हणजे ‘मी आलो’. आतून ‘ओकाएरी’ असा आवाज येतो, म्हणजे ‘आलास, ये’. परदेशी लेकरालाही ही रीत पाळावी लागते आणि त्यालाही तोच जबाब मिळतो.

सोयाबीन ताटात

नांदेड-लातूरच्या शेतकऱ्याचं खरिपातलं मुख्य नगदी पीक सोयाबीन. पेरलं, काढलं, मळणीयंत्रात घातलं, पोती भरली आणि आडतीवर नेली. पुढं त्याचं तेल निघतं, पेंड कोंबड्यांच्या खाद्याला जाते. घरच्या चुलीवर ते क्वचितच चढतं. त्याच्या भावाची चर्चा घरोघर असते. २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याहून कमी दराने माल घालावा लागल्याची ओरड सगळीकडे होती. २०२५-२६ साठी तो ५,३२८ रुपये झाला.

हेच लेकरू जपानी घरात जेवायला बसलं की त्याला सोयाबीन सकाळपासून भेटू लागतं. न्याहारीच्या वाटीत ‘मिसो’ घातलेलं कढण असतं. सोयाबीन शिजवून, ठेचून, त्यात मीठ आणि बुरशी चढवलेला तांदूळ मिसळून महिनोन् महिने मुरवलं की मिसो होतो. आपल्याकडं वाळवणं आणि लोणची वर्षाची करून ठेवतात, तसंच हे काम. सोयाबीनच्या दुधाचं पनीर म्हणजे ‘तोफू’. आंबवून तार सुटलेलं, उग्र वासाचं ‘नात्तो’ पहिल्या दिवशी घशाखाली उतरणं कठीण. भाजून दळलेलं पीठ गोड पदार्थावर भुरभुरतात. उन्हाळ्यात हिरव्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून दाणे सोलून खातात. आपण हुरडा खातो त्याच चवीनं. ताटातला ‘शोयू’ नावाचा काळा रसही सोयाबीनचाच.

एवढं खाणारा जपान आपल्या एकूण गरजेच्या जेमतेम सहा-सात टक्के सोयाबीन स्वतः पिकवतो, बाकीचं बाहेरून आणतो. आपण पोत्यानं पिकवतो आणि दाणाही घरी ठेवत नाही. कच्चं सोयाबीन पचत नाही, ते भिजवून नीट शिजवावं किंवा आंबवावं लागतं. ही विद्या त्या देशात घराघरांत आहे. आपल्या बचत गटांनी आणि कृषी शाळांनी शिकावी अशी ती गोष्ट आहे. मुक्कामाला गेलेलं लेकरू ती स्वयंपाकघरात उभं राहून शिकू शकतं.

एका टाकीत सगळ्या घराची अंघोळ

दुसरा धडा पाण्याचा. जपानी न्हाणीघरात खोल टाकी असते. आधी बाहेर बसून साबण लावायचा, अंग स्वच्छ धुवायचं आणि मगच टाकीतल्या गरम पाण्यात बसायचं. तेच पाणी एकामागून एक सगळं घर वापरतं. पुष्कळदा पाहुण्याला पहिला मान मिळतो. म्हणूनच टाकीत साबण नेणं किंवा अंघोळीनंतर बूच काढून पाणी सोडून देणं ही मोठी चूक ठरते. उरलेलं पाणी अनेक घरांत पंपानं कपडे धुण्याच्या यंत्रात जातं.

हे त्या देशात, जिथं पाऊस भरपूर पडतो. आणि आपण? एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर होतं. ते दिवस सरले आणि नळाखालची बादली पुन्हा वाहू लागली. टंचाई असो वा नसो, पाणी दोनदा वापरायचं, ही सवय लेकराच्या अंगात मुरली तर तिकिटाचे पैसे वसूल झाले म्हणायचे.

किल्लारीच्या नातवंडांसाठी

तिसरा धडा सर्वांत महत्त्वाचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं जड माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळलं, हजारो जीव गेले. पुढं सव्वा वर्षानं, १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे, जपानच्या कोबे शहरात भूकंप झाला आणि ६,४०० हून जास्त माणसं गेली. तिथंही बहुतेकांचा घात पडक्या घरांनीच केला.

जपानी घरांनी त्यातून घेतलेला बोध यजमानाकडं राहणाऱ्या लेकराला पहिल्याच आठवड्यात समजतो. पुष्कळ घरांत कपाट भिंतीला पट्टीनं जखडलेलं असतं. दारापाशी पिशवी भरलेली: पाणी, विजेरी, औषधं, कोरडं खाणं. घरातली माणसं पांगली तर कोणत्या शाळेच्या मैदानावर भेटायचं, हे ठरलेलं. १९२३ च्या भूकंपाची आठवण म्हणून १ सप्टेंबरला देशभर सराव होतो.

आपल्या भागात आजची दहावीची पोरं १९९३ नंतर किती तरी वर्षांनी जन्मली. त्यांना किल्लारी आजीच्या तोंडून ठाऊक. पण जमीन काही शांत बसलेली नाही. २०२४ च्या मार्च आणि जुलै महिन्यांत हिंगोली भागात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले आणि नांदेडकर घराबाहेर पळाले. त्या वेळी किती घरांत अशी पिशवी होती, हे ज्याचं त्यानं आठवून पाहावं.

आजीचे प्रश्न

लेकराला पाठवायचं म्हटलं की घरातली आजी विचारणारच, “तिथं लेकरू काय खाऊलालंय, कुठं निजूलालंय?” प्रश्न रास्त आहेत. माळकरी घरच्या मुलामुलींनी अर्जातच स्पष्ट लिहावं की मांस, मासे आणि अंडी चालत नाहीत. जपानात वरून शाकाहारी दिसणाऱ्या कढणातही सुक्या माशाचा अर्क असतो. समुद्री शेवाळाचा अर्क हा त्याला पर्याय आहे आणि बौद्ध मठांतलं जेवण शाकाहारीच असतं. तेव्हा हे आधी सांगितलं तर मार्ग निघतो. ताटावर बसून सांगितलं तर दोन्हीकडं अवघड होतं.

भाषेचा बाऊ करू नये. जपानीत क्रियापद मराठीसारखंच वाक्याच्या शेवटी येतं आणि आपल्या ‘ला’, ‘ने’, ‘चा’ सारखे प्रत्यय नामाच्या मागून लागतात. मराठी पोराला वाक्याची घडण इंग्रजीपेक्षा जवळची वाटते. लिपी मात्र घाम काढते.

बाकी पारपत्र वेळेत काढावं. कोणी एजंट पैसे घेऊन ‘जपानी कुटुंब’ मिळवून देतो म्हणाला तर आधी शाळेच्या मुख्याध्यापकांकडून खात्री करून घ्यावी. मुलीला पाठवताना यजमान घरात कोण कोण आहे आणि अडचणीत फोन कोणाला करायचा, हे लेखी मागून घ्यावं. चांगल्या संस्था ते देतात.

आपलंही दार उघडावं

जपानची खेडीही ओस पडत आहेत. २०२३ च्या पाहणीत देशात सुमारे नव्वद लाख घरं रिकामी आढळली. ओइता प्रांतातल्या आजिमु या द्राक्षाच्या गावानं १९९६ साली शेतकऱ्यांच्या घरी मुक्कामाची सोय सुरू केली. एकदा राहिलात तर दूरचे नातेवाईक, दहादा राहिलात तर सख्खे, असं ते लोक म्हणतात. महाराष्ट्रानंही २०२० साली कृषी पर्यटनाचं धोरण जाहीर केलं आहे. आपल्या वावरातल्या आखाड्यावर, माळवदाच्या वाड्यात एखादं परदेशी लेकरू महिनाभर राहिलं, भाकरी थापायला शिकलं, तर बिघडलं कुठं? शिक्षकांनी येत्या हंगामात वर्गातल्या एका तरी होतकरू मुलाला किंवा मुलीला अर्ज भरायला लावावा. आणि गावातल्या एका तरी घरानं यजमान व्हायची तयारी ठेवावी.