सर्पांची अंडी : उबवण व नासलेली अंडी

सर्पांची अंडी : सापांच्या बहुसंख्य जाती अंडी घालतात, तर काहींमध्ये अंडी मादीच्या शरीरातच वाढून सजीव पिले जन्मास येतात. भंडारा जिल्ह्यात आढळणाऱ्या सापांपैकी नाग, मण्यार, धामण, दिवड, तस्कर व अजगर हे अंडी घालणारे असून घोणस व मांडूळ यांची मादी पिलांना जन्म देते. त्यामुळे घोणशीची म्हणून दाखविली जाणारी अंडी नेहमीच दुसऱ्या एखाद्या प्राण्याची असतात.

वैनगंगेच्या खोऱ्यातील हा भाग धानशेतीचा व तलावांचा आहे. धुऱ्यातील उंदरांची बिळे, तलावाच्या पाळीतील भेगा, वारुळे, तणसाच्या ढिगाचा तळ आणि शेणखताचा खड्डा येथे ओलावा व सौम्य ऊब दोन्ही मिळत असल्याने सापाच्या मादीला अशा जागा मानवतात. नाग व धामण यांसारख्या सापांची अंडी मुख्यतः उन्हाळ्याच्या उत्तरार्धात व पावसाच्या प्रारंभी सापडतात. नेमके याच दिवसांत खड्ड्यातील खत शेतात नेले जाते, धुरे दुरुस्त होतात, घरांची कौले फेरली जातात व मातीच्या भिंती लिंपल्या जातात. अंडी उघडी पडतात ती या कामांत. पूर्वी ती तेथेच फोडली जात. आता पुष्कळदा सर्पमित्राला किंवा वन खात्याला कळविले जाते, आणि मग ती उबवावी कशी हा प्रश्न उभा राहतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यातील शिकारीच्या व्याख्येत सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांची नासधूस करणे व ती हलविणे यांचाही समावेश आहे. म्हणून जागा सुरक्षित असल्यास अंडी पूर्ववत झाकून ठेवणे सर्वांत उत्तम. हलविणे अटळ असल्यास ते वन खात्यामार्फतच व्हावे.

सापाच्या अंड्याचे कवच पक्ष्याच्या अंड्यासारखे कडक व ठिसूळ नसून चिवट, चर्मपत्रासारखे असते. ते सभोवतालचे पाणी शोषून घेते आणि वाढीच्या काळात अंड्याचे वजन वाढते. अंडे घातले जाते तेव्हाच भ्रूणाची बरीच वाढ झालेली असते. थोड्याच काळात तो वरच्या बाजूच्या कवचालगत स्थिरावतो. कोंबडीची अंडी उबवताना ती फिरवावी लागतात. सापाची अंडी फिरविल्यास नाजूक पटले फाटण्याचा व भ्रूण पीतकाखाली दबण्याचा धोका असतो. यासाठी अंडी उचलण्यापूर्वी प्रत्येकाच्या वरच्या बाजूस पेन्सिलीने खूण करतात व ती शेवटपर्यंत वरच ठेवतात.

बहुतेक माद्या अंड्यांना ऊब देत नाहीत. नागाची मादी पुष्कळदा जवळ राहते, पण ती राखणीसाठी. अजगर हा मोठा अपवाद होय. त्याची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून स्नायूंच्या लयबद्ध आकुंचनाने उष्णता निर्माण करते. पॅरिस येथील संग्रहालयात आशील वालांसीएन यांनी १८४१ मध्ये अजगराच्या वेटोळ्यांचे तापमान मोजून ही गोष्ट नोंदविली. न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातील अजगरावर झालेल्या व १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मादी सभोवतालापेक्षा सु. ५° से. पर्यंत अधिक उष्ण राहू शकते, असे दिसून आले.

नागाची मादी साधारणपणे १२ ते ३० अंडी घालते व पिले बाहेर येण्यास सु. दोन महिने लागतात. कृत्रिम उबवणीस २८° ते ३२° से. तापमान योग्य असते; ३५° से. च्या पुढे मणक्यांत व्यंग येण्याचा व भ्रूण मरण्याचा संभव वाढतो. थंड देशांतील पुस्तकांत अंडी उबदार कशी ठेवावीत याचेच विवेचन असते. विदर्भात, जेथे मे महिन्यात पारा ४५° से. च्या आसपास जातो, तेथे ती थंड कशी ठेवावीत हा खरा प्रश्न असतो. पत्र्याच्या छपराखाली ठेवलेला डबा एका दुपारीत सर्व अंडी मारू शकतो. जाड मातीच्या भिंतीची खोली, जमिनीलगतची सावलीची जागा आणि तापमापक एवढे तरी हवेच. डब्यात नारळाच्या काथ्याचा भुसा किंवा व्हर्मिक्युलाइट हे अभ्रकासारखे, तापवून फुगविलेले खनिज घालतात. भुसा ओला करून मुठीत दाबल्यास गोळा व्हावा, पण पाणी ठिबकू नये. व्हर्मिक्युलाइटमध्ये त्याच्या वजनाइतके पाणी घालण्याची प्रथा आहे. अंडी निम्मी रुतवून ठेवतात, झाकणास थोडी छिद्रे पाडतात व अंड्यांवर पाणी शिंपडत नाहीत.

खरी कसोटी नासलेली अंडी ओळखण्यात आहे, आणि येथे उतावीळपणानेच अधिक हानी होते. अफलित अंडी बहुधा लहान, पिवळसर व टणक असतात. अंधारात विजेरीचा प्रकाश कवचाला लावून पाहिल्यास फलित अंड्यात तांबड्या रक्तवाहिन्यांचे जाळे दिसते. अफलित अंडे एकसारखे पिवळे उजळते. मात्र पहिल्या काही दिवसांत ही खूण अस्पष्ट असते, म्हणून एकाच पाहणीवरून निर्णय घेऊ नये. अंड्यास खळगा पडला म्हणजे ते मेले असे नव्हे. सुरुवातीचा खळगा बहुधा पाणी कमी पडल्याचा असतो व भुसा ओलसर केल्यावर भरून येतो; अखेरच्या दिवसांतील खळगा तर पिले निघण्याची स्वाभाविक पूर्वसूचना असते. बुरशीचेही तसेच आहे. ती मेलेल्या अंड्यावर झपाट्याने पसरते, परंतु निरोगी अंड्याच्या कवचावरही थोडी दिसू शकते. असा डाग कोरड्या मऊ कापडाने हलकेच पुसून वायुवीजन वाढवितात. अंडे मऊ पडून करडे-हिरवे झाले, त्यातून द्रव पाझरू लागला, दुर्गंधी आली किंवा माश्या घोंगावू लागल्या, तरच ते नासले असे समजावे. माश्यांच्या अळ्या शेजारच्या अंड्यांतही शिरू शकतात.

सुटे नासलेले अंडे लगेच काढून खोल पुरतात. परंतु सापाची अंडी घातल्यानंतर लवकरच एकमेकांस चिकटतात व त्यांचा घोस बनतो. घोसातील नासलेले अंडे ओढून काढल्यास शेजारच्या जिवंत अंड्याचे कवच फाटते. अशा वेळी ते तेथेच राहू देऊन त्यावरील ओल टिपून घेणे श्रेयस्कर. जिवंत अंडी मेलेल्या शेजाऱ्यासह पुष्कळदा सुखरूप उबतात. हाताळणीनंतर साबणाने हात धुणे आवश्यक आहे, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांवर साल्मोनेला जंतू असू शकतात.

पिलू मुस्कटाच्या टोकावरील अंडदंताने कवचास चीर पाडते आणि उरलेले पीतक शोषले जाईपर्यंत कित्येकदा एक-दोन दिवस डोके बाहेर काढून बसते. या काळात कवच कापून त्याला ‘मदत’ करणे घातक ठरते. नागाची पिले २० ते ३० सेंमी. लांब असतात व जन्मतःच विषारी असून फणाही काढतात, त्यामुळे डबा उघडताना लांब चिमटा वापरतात. अंडी जेथे सापडली त्याच परिसरात, वस्तीपासून दूर, धुऱ्याच्या किंवा झुडपांच्या आडोशाला, वन खात्याच्या देखरेखीखाली पिले थोडीथोडी विखरून सोडतात.